दुसरा एसी घेऊ की आधी गच्चीचं काहीतरी करू?

वरचा_मजला (छत्रपती संभाजीनगर) – २१ मार्च

राम राम मंडळी. सिडकोत रो-हाऊस आहे. खालचं बांधकाम १९९१ चं, वरच्या दोन खोल्या आणि किचन आम्ही २००४ ला चढवलं. स्लॅब पाच इंची, वर नुसता कोबा, तो आता काळा पडलाय. बेडरूमची मोठी खिडकी थेट पश्चिमेला, तेव्हा हवा येईल म्हणून हौसेनं ठेवली. आता परिस्थिती अशी की खाली मे महिन्यातही पंख्यावर भागतं आणि वर रात्री अकरा वाजता भिंतीला पाठ टेकवत नाही.

दीड टनी एसी आहे एका खोलीत, तीन स्टार, २४ वर लावतो तरी रात्री दोनपर्यंत कट होत नाही. मागच्या मे चं बिल ४१२ युनिट. पोरगा यंदा दहावीला गेलाय, बायको म्हणते त्याच्या खोलीतही एसी घ्या. मेव्हणा म्हणतो सोलार टाका, बिलच येणार नाही, मग दहा एसी लावा. मला आपलं वाटायलंय की घरच तापतंय तर आधी घराचं बघावं. जुन्या घराला काय काय करता येतं, कुणी केलंय का, किती फरक पडला? ब्रोशरमधलं नको, स्वतः केलेलं सांगा. बजेट चाळीस-पन्नास हजार.

तुराटी (बीड)

पोराला खाली झोपवा. खर्च शून्य.

वरचा_मजला

खाली वडील झोपतात आणि त्यांचा रेडिओ पहाटे पाचला सुरू होतो. पोराला हे सुचवून झालंय, त्यानं आम्हालाच खाली जायला सांगितलं.

मिस्त्रीभाऊ (जालना)

साहेब वीस वर्षं झाली स्लॅब टाकायलोय, म्हणजे माझंच पाप म्हणा. पत्र्याचं अन् स्लॅबचं गणित उलटं असतंय. पत्र्याखाली दुपारी माणूस भाजून निघतो पण सूर्य बुडाला की तासाभरात पत्रा गार. स्लॅब दिवसभर ऊन पिती आणि तुम्ही जेवून अंथरुणावर पडले की ओकायला लागती, ती पहाटेपर्यंत. तुमचा एसी खोलीतली हवा गार करत नाही, वरची सिमेंटची शेगडी विझवायला बसलाय.

काळा कोबा लई ऊन खातो. पहिलं काम चुना. आता चुना म्हणल्यावर लोक दुकानातून तयार पुडी आणून पाण्यात कालवून ब्रश मारतात आणि पहिल्या पावसात वाहून गेला की मिस्त्रीला शिव्या. तसं नाही. कळीचा चुना आणा, प्लास्टिकच्या बादलीत नका भिजवू (उकळतो तो, बादली वितळलेली बघितलीय मी), लोखंडी ड्रममध्ये रात्रभर ठेवा, पोरंसोरं लांब, डोळ्यात गेला तर डोळा जातो. दुसऱ्या दिवशी गाळून घ्या, त्यात पांढरं सिमेंट आणि थोडं फेविकॉल. गच्ची आधी तारेच्या ब्रशनं खरवडून धुवा, शेवाळ राहिलं तर तिथं पापडी सुटती. चिरा असतील तर त्या आधी भरा. मग तीन हात, एक आडवा एक उभा एक आडवा, संध्याकाळी मारा, उन्हात मारला तर ब्रश फिरायच्या आत वाळतो. एक उन्हाळा पक्का, दुसऱ्याला एक हात परत. सातशे फुटाला मजुरीसकट तीन-साडेतीन हजारात होतं.

हिशेबी_काका (नांदेड)

बँकेतून रिटायर झालोय, वेळ भरपूर आहे, म्हणून आमच्या घराचा हिशेब मांडतो. साधा जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा) २८ ते ३२. फरक ४५ धरा. उन्हाळ्यात पंखा पंधरा तास फिरतो, म्हणजे एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिट. चार पंखे बदलले, ऐंशी युनिट गेले. आता मेख अशी की ही ऐंशी युनिट बिलाच्या खालून जात नाहीत, वरून जातात. महावितरणचा दर १०० पर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा आणि पुढं अजून वरचा. तुमच्या ४१२ मधली वरची ११२ युनिट महागड्या दराची आहेत. ती आधी मारा, नुसत्या युनिटच्या हिशेबापेक्षा बिल जास्त उतरेल.

एसीचं म्हणाल तर बीईई (एसी-फ्रिजला स्टार देणारी सरकारी संस्था) स्वतःच सांगतं की एक डिग्री वाढवली की साधारण ६ टक्के वीज वाचते. २६ वर एसी आणि वर पंखा, आम्ही म्हातारा-म्हातारी त्यात निवांत झोपतो. फिल्टर दर पंधरा दिवसाला नळाखाली धरायचा, आपल्याकडची धूळ म्हणजे धूळ नाही, पीठ आहे.

परभणी_ते_श्टुटगार्ट

जगात जर्मनी भारतात परभणी, आणि मी दोन्हीकडची बिलं भरलेला माणूस, तेव्हा दोन शब्द.

इकडं हा विषय म्हणजे राष्ट्रीय छंद आहे. १९७७ ला इथं पहिल्यांदा इन्सुलेशनचा नियम आला, त्याच्या आधीची घरं म्हणजे थंडीत नुसती गाळणी. आता जुन्या घराला बाहेरून थर्माकोलसारख्या बोर्डाचा चौदा-सोळा सेंटीमीटर जाड थर चढवतात, वरून गिलावा, घर स्वेटर घातल्यासारखं जाडजूड दिसतं. घर विकताना किंवा भाड्यानं देताना घराचं एनर्जीचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं, फ्रिजला स्टार असतात तसं घराला. आणि क्रम ठरलेला, आधी गळती बंद करा मग मशीन बदला, कारण घर सुधारलं की मशीन लहान लागतं. मालक, तुम्ही जे म्हणताय तेच हे.

पण इकडचं तसंच्या तसं परभणीला उचलून नेऊ नका. इथं लढाई आतली उष्णता बाहेर जाऊ नये याची, आपल्याकडं उलटी, आणि ऊन येतं डोक्यावरून. भिंतींच्या मागे लागू नका. वडिलांच्या घरी आम्ही गेल्या वर्षी स्लॅबवर दोन इंची एक्सपीएस बोर्ड (थर्माकोलसारखाच, पण कडक), वर जाळी टाकून पातळ कोबा आणि पांढऱ्या चायना मोझॅकचे, म्हणजे फुटक्या टाईलचे तुकडे असं केलं. १९० रुपये फूट पडलं. महाग आहे, पण दहा-पंधरा वर्षांचं काम आहे आणि आई आता दुपारी वरच्या खोलीत झोपते, जे मी माझ्या आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

तुराटी

परभणीचा माणूस जर्मनीत जाऊन थंडीची तक्रार करतोय हे वाचून डोळे पाणावले

आजीचं_माळवद (अंबाजोगाई)

चुना काय, बोर्ड काय, सगळं शिकून विसरलोय आपण. आमच्या जुन्या वाड्याच्या भिंती दीड हात जाड, वर सागवानी तुळया, त्यावर फळ्या आणि वर गढीच्या पांढऱ्या मातीचा थर. खाली शहाबादी फरशी. मे महिन्यात भर दुपारी आत शिरलं की डोळ्यांना अंधारी आणि अंगाला गारवा, सतरंजीशिवाय नुसत्या फरशीवर झोपायचो. पंखा नव्हताच. वीज १९७० नंतर आली. मी म्हणते आताच्या स्लॅबवर चार-पाच इंच पांढरी माती टाकली तर काय बिघडलं, वर हिरवळ लावा, घर गार.

किल्लारीकर

ताई, तुमच्या आठवणीला हात लावत नाही. पण स्लॅबवर माती टाका हे कुणाला सांगू नका.

मी नऊ वर्षांचा होतो. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या दिवशी गणपती बुडवून सगळे दमून झोपलेले, पहाटे चारला काही मिनिटं बाकी असताना. लोक म्हणतात भूकंपानं माणसं मेली. भूकंपानं नाही, डोक्यावरच्या मातीनं मेली. दगड-मातीच्या भिंती आणि वर दोन-अडीच फूट माती, दरवर्षी गळतंय म्हणून वरून अजून एक थर, आजोबांच्या काळापासून साठत आलेली. भिंत सरकली आणि ते सगळं खाली आलं. आमच्या आळीत किती घरं अशी गेली ते लिहीत नाही.

नंतर आम्हाला गाव सोडून नवीन जागी घरं मिळाली, सिमेंटची. मजबूत आहेत, पण उन्हाळ्यात भट्टी. आई दहा वर्षं म्हणायची जुन्या घरात गार होतं. आणि तीच आई आजही पाऊस जोरात वाजला की छताकडं बघती. दोन्ही खरं आहे. आम्हीपण चुनाच मारलाय, कारण चुन्याला वजन नाही.

खडी_वाळू_सिमेंट (धाराशिव)

वरच्या पोस्टनंतर आकडे देणं बरं वाटत नाही पण देतो, कारण गच्चीवर बाग करायचं खूळ सगळीकडं आलंय. ओली माती घनमीटरला १८०० किलोच्या आसपास. चार इंच थर म्हणजे चौरस मीटरला १८० किलो. घराची वावरायची गच्ची डिझाईन करताना आम्ही माणसं-सामान याचा भार धरतो चौरस मीटरला १५० किलो, म्हणजे ती माती एकटीच सगळा भार खाऊन वर बसते, त्यावर तुम्ही, टाकी आणि लग्नातले पाव्हणे वेगळे. हजार फुटाच्या गच्चीचं गणित केलं तर सोळा-सतरा टन होतात. हायवाभर (मोठ्या टिपरभर) मुरूम गच्चीवर कायमचा ओतून ठेवलाय असं समजा. विटांच्या तुकड्यांचा जाड कोबा पण याच जातीचा. २००४ ला जुन्या घरावर चढवलेल्या खोल्या असतील तर खालचे कॉलम कशासाठी धरले होते ते कुणालाच माहीत नसतं. परभणीवाल्यांचा बोर्ड हलका असतो, वरचा कोबा पातळ ठेवला तर ठीक, तरी स्ट्रक्चरवाल्याला एकदा दाखवा.

आजीचं_माळवद

किल्लारीकर, माफ करा. मला ते सुचायला हवं होतं. आमच्या चुलत्यांनी ९३ नंतरच वाड्याची माती उतरवून पत्रे टाकले होते, कारण हेच होतं आणि मी मात्र गारव्याचंच लक्षात ठेवलं.

किल्लारीकर

माफी कशाची ताई. शहाबादीचं मात्र बरोबर आहे तुमचं. आमच्याकडं नवीन घरात टाईल काढून परत शहाबादी टाकलालेत लोक.

अन्नपूर्णा_गॅसवर (हिंगोली)

सगळे भाऊ बेडरूमचं बोलतायत. मालकांनी स्वतः लिहिलंय वरती किचनपण आहे, त्याचं कुणी विचारलं का? बारा वाजता डोक्यावर तापलेला स्लॅब, समोर दोन शेगड्या आणि भाकरीचा तवा. तिथं एसी कुणी लावत नाही आणि पंखा लावला तर गॅस विझतो. आमच्याकडं मी एवढंच केलं, वरच्या कोपऱ्यात चांगला एक्झॉस्ट बसवला आणि समोरच्या खिडकीची खालची फट उघडी ठेवली, म्हणजे गरम हवा वरून जाती आणि खालून यायला वाट राहती. वाट नसेल तर एक्झॉस्ट नुसता आवाज करतो. आणि डाळ-भात सकाळी आठच्या आत कुकरला. याला पण एनर्जी एफिशियन्सी म्हणायचं की बायकांची कामं?

हिशेबी_काका

ताई, पहिलं. आमच्याकडं एक्झॉस्ट आहे, खालची फट नाही. उद्या करतो.

पोरीची_रूम_पाचवा_मजला (लातूर)

भाडेकरूंनी काय करायचं ते पण सांगा. मुलगी नीटच्या तयारीसाठी लातूरला, लातूर पॅटर्न म्हणून आम्ही अख्खं घर हलवलंय दोन वर्षांसाठी. सगळ्यात वरची रूम, वर स्लॅब, सबमीटर मालकाचा आणि दर मालकाच्या मनाचा. मालकाला म्हणलं चुना मारा, तो म्हणतो बिल तुम्ही भरता, मला काय फरक पडतो. खरंच आहे त्याचं, त्याला काय फरक पडतो. खर्च त्याचा आणि फायदा माझा, मग तो कशाला करील. माझा खर्च केला तर दोन वर्षांनी फायदा पुढच्याचा.

शेजारचे गच्चीवर पोती टाकून संध्याकाळी पाणी मारतात. मी नाही मारत. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव आहे हे, तेव्हा मी घागर घेऊन रांगेत उभी राहिलेली आहे, गच्चीवर पाणी ओतायला हात उचलत नाही.

मिस्त्रीभाऊ

ताई मालकाला बिलाचं बोलू नका, गळतीचं बोला. म्हणा पावसाळ्याच्या आधी गच्ची खरवडून चिरा भरून चुना मारला तर स्लॅबचं आयुष्य वाढतं. ते खरं पण आहे, रोज तापून रात्री गार होण्यानं स्लॅब फुगते-आकसते अन् त्यानंच चिरा पडतात. मालक लोक बिलाला भीत नाहीत, सळई गंजायला भितात. अर्धा खर्च तुम्ही देते म्हणा, तीन हजाराचं काम आहे.

तुराटी

एकूण काय, मालकाला चुना लावायचा

मिस्त्रीभाऊ

याची वाटच बघत होतो, एवढा उशीर कामून केला

वरचा_मजला – २६ मार्च

बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं. काही प्रश्न. १) कूलरचं काय, आमच्याकडं एक पडून आहे. २) पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा आहे तरी तापते. ३) पीओपीची फॉल्स सीलिंग करून वर थर्माकोल टाकतो असं एकजण म्हणतोय, ५५ हजार सांगितले. ४) मेव्हण्याला काय उत्तर देऊ?

खडी_वाळू_सिमेंट

३ नंबरचं आधी. फॉल्स सीलिंगनं फरक पडतो, नाही असं नाही, पण स्लॅब तापतच राहते, तुम्ही फक्त तिच्या आणि तुमच्यामध्ये पडदा धरता. वर गळती झाली तर सीलिंग फुगून खाली येईपर्यंत कळत नाही, आणि पोकळीत उंदीर. साधा थर्माकोल वायरिंगजवळ मला स्वतःला नको वाटतो, पेटतो. ऊन बाहेरच अडवायचं, आत घेऊन मग त्याच्याशी भांडायचं नाही. खिडकीचंही तेच. जाड पडदा आतून आहे ना? ऊन काचेतून आत आलं, पडद्यावर पडलं, पडदा तापला, गर्मी खोलीतच राहिली. तोच पडदा बाहेर हवा. बांबूची चिक लावा किंवा छज्जाच्या पुढं हिरवी शेडनेट ताणा, भिंतीपासून फूटभर लांब, मधून वारा खेळला पाहिजे.

न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचं असंच काम झालं होतं, इमारत १९३१ ची. तिथं ६,५१४ खिडक्या फेकून न देता बिल्डिंगमध्येच कारखाना थाटून त्याच काचा वापरून नव्यानं बनवल्या. शिवाय थंडीत खोली तापवणाऱ्या रेडिएटरच्या मागं, म्हणजे भिंत आणि रेडिएटरच्या मधे, उष्णता परत आत ढकलणारा पातळ थर बसवला. आधी गळती, मग खालचे मोठे कूलिंग प्लांट.

तुराटी

यांची एकच खिडकी आहे इंजिनियर साहेब, ती पण पश्चिमेची

अन्नपूर्णा_गॅसवर

शेडनेट शेतातली उरलेली असेल तर फुकटात काम. आमच्याकडं मिरचीच्या रोपांची जाळी होती ती आता किचनच्या खिडकीवर आहे. दिसायला नर्सरी वाटती, असू दे.

हिशेबी_काका

कूलर: एप्रिल-मे च्या कोरड्या हवेत आपल्याकडं कूलरसारखं यंत्र नाही, दोनशे वॅटमध्ये काम. पण खिडकीत बसवायचा, बाहेरची हवा आत आणि समोरची खिडकी-दार उघडं. लोक खोलीच्या मधोमध कूलर ठेवून दारं लावून बसतात आणि मग अंग चिकचिक झालं म्हणून कूलरला नावं ठेवतात. जुलैत मात्र त्याचा उपयोग नाही, हवाच ओली. पाणी दिवसाला चाळीस-पन्नास लिटर सहज पितो, हा लातूरच्या ताईंचा मुद्दा इथंही लागू. आरओचं सोडलेलं पाणी टाकायला जाऊ नका, क्षारानं गवताची जाळी दगड होते, आमची झाली. एसीच्या पाईपातून पडणारं पाणी मात्र जरूर टाका, त्यात क्षार नसतात.

सोलार: मेव्हणे चूक नाहीत, घाईत आहेत. पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३० हजार आणि ३ किलोवॅट किंवा जास्तीला एकूण ७८ हजार सबसिडी आहे. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो आणि शंभर फूट जागा खातो. तीन किलोवॅट टाकलं तर महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिट. पण आधी तुमची गरज ४१२ वरून तीनशेवर आणा, मग दोन किलोवॅटमध्येही बरंच भागेल.

परभणी_ते_श्टुटगार्ट

आणि एक जोड-फायदा, पॅनलच्या खाली सावली असते. स्टँड थोडं उंच ठेवलं की तेवढ्या गच्चीवर ऊनच पडत नाही. फक्त क्रम चुकवू नका, चुना आणि चिरा आधी, पॅनल नंतर. पॅनलचे पाय गच्चीत ठोकल्यावर खालची गळती काढणं म्हणजे पलंगाखालचं मांजर काढणं. आणि पॅनललाही गर्मी सोसत नाही, २५ डिग्रीच्या वर प्रत्येक डिग्रीला पाव ते अर्धा टक्का वीज कमी होते. आपल्याकडं मे मध्ये पॅनल साठ-पासष्टला जातं. ऊन जास्त म्हणून वीज जास्त असं सरळ नाही ते.

पत्र्याखालचा (गेवराई)

तुमचं स्लॅबचं चाललंय, आमच्यासारख्यांचं काय. घरावर पत्रे. दुपारी घरात कुणी थांबतच नाही, लिंबाखाली बाज. यंदा पत्र्याखाली बांबूचे आडवे घेऊन तुराट्याचं (तुरीच्या वाळल्या काड्यांचं) पांजरण बांधलं, वर पत्रा मधी मोकळी जागा. फरक लई आहे. पहिलं वर पाचट टाकायचो पण वाऱ्यानं उडतं अन् ठिणगीची भीती.

तुराटी

शेवटी माझ्या नावाचा उपयोग झाला

मिस्त्रीभाऊ

भाऊ पत्र्यावर पण पांढरा रंग मारा, वरून. चुना नाही, पत्र्याला चुना धरत नाही आणि गंज लागतो. ऑइलपेंट किंवा रूफ पेंट घ्या. पत्रा जुना असेल तर आधी घासून प्रायमर.

वरचा_मजला – १४ एप्रिल

अपडेट. गच्ची खरवडली (दोन दिवस, तीन घमेली शेवाळ), तेरा चिरा भरल्या, चुन्याचे तीन हात. ४,१०० गेले, चिरांचं सामान धरून. बाहेरून चिक १,४००. चार बीएलडीसी पंखे साडेअकरा हजार. किचनला एक्झॉस्ट, खालची फट सकट, हिंगोलीच्या ताईंना बायकोनं नमस्कार सांगितलाय.

मित्राकडून ती टेंपरेचर मोजायची बंदूक आणली. काल दुपारी दोनला शेजाऱ्याची काळी गच्ची ६१, आमची पांढरी ४५. रात्री दहाला आमच्या स्लॅबची खालची बाजू ३५, चुन्याच्या आधी मी मोजली होती तेव्हा ३९ होती. बाहेर दोन्ही दिवशी ४०-४१ च्या दरम्यान. एसी साडेअकराला कट झाला, मी उठून बघितलं बंद पडला की काय.

तक्रारी दोन. दुपारी गच्चीवर गॉगल घालूनच जावं लागतं. आणि आई नाराज आहे. कुरडया दरवर्षी दोन उन्हात कडकडीत होतात, यंदा तिसऱ्या दिवशीही खालून ओल्या, कारण खाली गच्चीच तापत नाही. सतरंज्यांना चुना लागतो तो वेगळा.

अन्नपूर्णा_गॅसवर

कुरडया शेजाऱ्याच्या काळ्या गच्चीवर घाला. खरंच सांगते. मी बाजेवर पातळ साडी ताणून घालते, खालून पण वारा लागतो.

शंकासुर (जालना)

सगळं छान आहे पण थंडीचं काय? परभणीला डिसेंबरात पारा एकेरी आकड्यावर येतो, तेव्हा हीच गच्ची घर अजून गार करणार. तेव्हा हीटर लावणार का?

परभणी_ते_श्टुटगार्ट

प्रश्न बरोबर आहे. पण थंडी आपल्याकडं पाच-सहा आठवडे आणि ती गोधडीत भागते, उन्हाळा मार्च ते जून. शिवाय डिसेंबरपर्यंत पावसानं आणि धुळीनं चुना निम्मा मळलेला असतो. बोर्ड टाकलेल्या गच्चीला हा प्रश्नच नाही, तो दोन्हीकडून अडवतो.

पोरीची_रूम_पाचवा_मजला

मिस्त्रीभाऊ, मालक तयार झाला. सळई गंजते म्हणल्यावर रात्री स्वतः फोन आला. अर्धे मी दिले. आता म्हणतो पुढच्या वर्षी भाडं वाढवीन, रूम थंड आहे म्हणून.

तुराटी

लातूर पॅटर्न

वरचा_मजला – ७ जून

मे चं बिल आलं, २९६ युनिट. मागच्या वर्षी ४१२. दुसरा एसी घेतला नाही.

शंकासुर

यंदा मे मध्ये वळीव किती झाला ते पण धरा. आमच्याकडं काही न करता बिल साठ युनिटनं कमी आलंय.

हिशेबी_काका

शंकासुरांचं बरोबर आहे. ११६ मधले ऐंशीच्या आसपास तर पंख्यांचेच असायला हवेत, उरलेल्यात पाऊस किती आणि चुना किती हे एका उन्हाळ्यावरून सांगता येणार नाही. पुढच्या मे ला परत आकडा टाका. ३०० च्या खाली आलात मात्र, त्याचं अभिनंदन.

वरचा_मजला

मान्य. बंदुकीचे आकडे मात्र पावसाच्या आधीचे आहेत. पश्चिमेची भिंत अजून तापतेच, तिथं कडुनिंब लावलाय, तो मोठा होईपर्यंत पोरगा इंजिनियर झालेला असेल. मेव्हण्याला दोन किलोवॅटचं कोटेशन आणायला सांगितलंय, दिवाळीनंतर बघू.

अन्नपूर्णा_गॅसवर

आणि पोरगा? त्याच्या खोलीत अभ्यास होतो का आता?

वरचा_मजला

खोलीत नसतोच. पांढरी गच्ची रात्री नऊलाच गार पडते, त्यामुळं गल्लीतली सगळी पोरं आमच्या गच्चीवर झोपायला. बारापर्यंत दंगा. खालून वडील ओरडतात, रेडिओ ऐकू येत नाही म्हणून.